टॅबलेट : गरज की हौस ?

‘टॅबलेट’ हा शब्द ऐकला की घरातील आजीच्या डोळ्यांसमोर अजूनही डोकेदुखीवरची पांढरी गोळीच उभी राहते. तिचे फारसे काही चुकत नाही. महाविद्यालयात प्रवेश मिळाला, पहिल्या सत्राच्या पुस्तकांची यादी हातात पडली, की अभ्यासाच्या डोकेदुखीवर हीच एक गोळी लागू पडेल असे पुष्कळांना वाटू लागते आणि घरात मागणी सुरू होते. वडील म्हणतात, “अरे, एवढा मोठा फोन आहे ना हातात ?” आई म्हणते, “शेजारच्या सुमनने घेतलाय म्हणे.” चुलतभाऊ आपले ज्ञान पाजळतो, “त्यापेक्षा लॅपटॉपच घे की !” तिघांच्याही म्हणण्यात थोडेथोडे तथ्य असते, आणि म्हणूनच निर्णय होत नाही. शेवटी दुकानदार जे सांगेल ते घरी येते.

ज्यांच्या घरून दहा-पंधरा हजार रुपये सहज निघतात त्यांनी हा लेख वाचला नाही तरी चालेल. परंतु खानापूर, चंदगड भागातून रोज बसने येणारे आपले कितीतरी मित्र आहेत. त्यांच्या घरी ही रक्कम उसाचे बिल आल्यावर किंवा आईच्या बचत गटातून उचलून उभी राहते. तेथे एकदा घेतलेली वस्तू चुकीची ठरली तर दुसरी घेता येत नाही. तेव्हा हा विचार जरा हिशेबाने, फूटपट्टी हातात घेऊन करावा असे वाटते.

प्रथम या वस्तूच्या जन्माविषयी थोडेसे. १९७२ साली ॲलन के या अमेरिकन संशोधकाने ‘डायनाबुक’ नावाच्या एका यंत्राची कल्पना मांडली. वहीएवढे, मुलाला काखेत मारून कोठेही नेता येईल असे ते यंत्र असावे, आणि त्यावर मुलाने वाचावे, लिहावे, चित्रे काढावीत, इतकेच नव्हे तर स्वतः आज्ञावल्या रचाव्यात, अशी त्याची इच्छा होती. गंमत अशी की के त्या वेळी ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत होता ती कंपनी म्हणजे झेरॉक्स. जिच्या नावाने आपण आज कोणत्याही कोपऱ्यावर नोट्सच्या नकला काढतो, तीच ! डायनाबुक प्रत्यक्षात आले नाही. पुढे २०१० च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे ‘आयपॅड’ जगापुढे ठेवला आणि टॅबलेट ही वस्तू घरोघरी पोहोचली. पण के याच्या कल्पनेतील मूल यंत्रावर काही घडवणारे होते. आयपॅड व त्याच्यामागून आलेले बहुतेक टॅबलेट मुख्यतः पाहण्या-वाचण्यासाठी घडवलेले आहेत. हा फरक ध्यानात ठेवावा, पुढे तो कामाला येणार आहे.

आपल्या देशात या यंत्राचा गाजावाजा झाला तो ‘आकाश’मुळे. ५ ऑक्टोबर २०११ रोजी तत्कालीन मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांनी दिल्लीत त्याचे उद्घाटन केले. विद्यार्थ्याला परवडेल असा जगातील सर्वांत स्वस्त टॅबलेट, अशी त्याची ख्याती झाली. हेतू उत्तम होता यात शंका नाही. पण सात इंचांचा पडदा, तोही बोटाने दाबल्याखेरीज न समजणारा. स्मृती अवघी २५६ एमबी. आणि बॅटरी अशी की दोन-तीन तासांत मान टाकावी. २०१२ मध्ये सुधारलेली आवृत्ती आली, तोवर लोकांचा उत्साह मावळला होता. स्वस्त वस्तू वापरता आली नाही तर ती सर्वांत महाग पडते, हे आपल्या आयांना भांडी घेताना ठाऊक असते. संगणक घेताना मात्र आपण ते विसरतो.

आता मुख्य प्रश्न : फोन असताना टॅबलेट कशाला ? याचे उत्तर फूटपट्टी देते.

हल्लीचा साधारण फोन साडेसहा इंचांचा असतो असे म्हणतात, पण हे माप कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे. त्याची रुंदी मोजली तर ती पावणेतीन इंचही भरत नाही. दहा इंची टॅबलेटची रुंदी सुमारे साडेपाच इंच आणि उंची साडेआठ इंच येते. छापखान्यातील कोणत्याही माणसाला विचारा, साडेपाच गुणिले साडेआठ हे तर डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान ! म्हणजे टॅबलेट हा मोठा फोन नव्हे, तर ते पुस्तकाच्या पानाएवढे एक पान आहे. माझ्या मते या यंत्राचा खरा गुण एवढाच आहे. बाकी सर्व कामे फोन किंवा लॅपटॉप त्याच्याइतकीच किंवा त्याच्याहून बरी करतो.

पण हा एक गुण लहान नाही. आपल्याकडे येणारा अभ्यासाचा मजकूर दोन प्रकारचा असतो. एक वाहता मजकूर. अक्षर मोठे केले की ओळी आपोआप खाली सरकतात आणि पडद्यात बसतात. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. आज त्यातील नोंदी संकेतस्थळावर अशाच वाहत्या रूपात वाचता येतात. त्यासाठी फोन पुरेसा आहे. दुसरा प्रकार थिजलेल्या पानाचा. विद्यापीठाचा अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका, सरांनी पाठविलेल्या पीडीएफ नोट्स, जुन्या पुस्तकांची पानोपानी घेतलेली छायाचित्रे, हे सारे या दुसऱ्या प्रकारात मोडते. येथे अक्षर मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते.

ए-फोर कागद सव्वाआठ इंच रुंद असतो. तो फोनच्या पावणेतीन इंचांत कोंबला तर एक तृतीयांश होतो. बारा पॉइंटचे अक्षर चार पॉइंटचे उरते. औषधाच्या बाटलीवरील सूचनासुद्धा याहून ठळक असतात. टॅबलेटवर तेच अक्षर पावणेआठ पॉइंटचे दिसते, आणि समास कापून नुसता मजकूर भरला तर साडेनऊ-दहापर्यंत जाते. हे वर्तमानपत्राच्या अक्षराएवढे झाले. बिनतक्रार वाचता येते. कोणी म्हणेल, फोन आडवा धरावा. अवश्य धरावा, पण मग एका वेळी पानाचा तिसरा हिस्सासुद्धा दिसत नाही. वरची आकृती आणि खालचे तिचे स्पष्टीकरण एकत्र पाहता येत नाही. अर्थशास्त्राचा आलेख किंवा रसायनशास्त्रातील समीकरणांची मालिका अशी तुकड्यातुकड्यांनी वाचून पाहावी म्हणजे मी काय म्हणतो ते समजेल.

आपल्या दोन्ही लिप्यांच्या बाबतीत तर ही अडचण दुप्पट होते. रोमन अक्षर एका ओळीत सरळ बसते. देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार. कन्नडमध्ये तर ओत्तक्षरे मुख्य अक्षराच्या पायाशी लोंबतात. जुन्या पुस्तकाची छबी अस्पष्ट असेल तर चार पॉइंटात ‘द्ध’ आणि ‘द्व’ यांतील भेद ओळखणाऱ्यास नेत्रतज्ज्ञाने पारितोषिकच द्यावे.

टॅबलेट घेताना याच कारणासाठी आठ-साडेआठ इंचांच्या लहान आकाराचा मोह टाळावा. तो हातात छान बसतो, कादंबरी वाचायलाही बरा. पण ए-फोर पानातील बाराचे अक्षर त्यावर साडेसहावर येते. विद्यार्थ्याचे आयुष्य ए-फोर कागदावर चाललेले असते. दहा ते अकरा इंच हेच माप योग्य. वजन सुमारे अर्धा किलो भरते, म्हणजे झोपून वाचता वाचता नाकावर आदळला तर लागतो, हे ध्यानात असू द्यावे.

आता पैशांचा हिशेब करू. समजा, टॅबलेट तेरा हजारांचा घेतला. वेष्टन, काच आणि एक साधा कळफलक मिळून आणखी दोन हजार. झाले पंधरा हजार. ही वस्तू नीट वापरली तर चार वर्षे चालेल असे धरू. म्हणजे रोजचे दहा रुपये पडले. दहा रुपयांत, पानाला दोन रुपये दर धरला तर, पाच पाने झेरॉक्स निघते. वर्षाची झाली अठराशे पाने. आपल्यापैकी किती जण वर्षाला अठराशे पानांची झेरॉक्स काढतात ? सहा विषयांच्या नोट्स पाचशे पानांत बसत असतील तर झेरॉक्सचे हजार रुपये होतात, टॅबलेटचे पावणेचार हजार. झेरॉक्सच्या कागदावर पेन्सिलीने खुणा करता येतात, परीक्षेनंतर तो धाकट्या भावाला देता येतो, आणि त्याला विजेची गरज लागत नाही. तेव्हा ‘झेरॉक्सचा खर्च वाचेल’ एवढ्याच कारणासाठी कोणी टॅबलेट मागत असेल तर वडिलांनी खुशाल नकार द्यावा.

हिशेब बदलतो तो झेरॉक्स काढण्यासारखे पुस्तकच जवळ नसते तेव्हा. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली कितीतरी पुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य ठेवली आहेत. भारताचे राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय खरगपूरच्या आयआयटीतर्फे चालते. तेथे नाव नोंदविण्यास पैसे पडत नाहीत. एकोणिसाव्या शतकातील आणि विसाव्याच्या पूर्वार्धातील मराठी ग्रंथ पानापानांच्या छबींच्या रूपात आज घरबसल्या मिळतात. सीमाभागातील वाचकाला याचे मोल वेगळे सांगावयास नको. मराठीतील एखादा संदर्भग्रंथ आपल्या वाचनालयात नसला तर कोल्हापूर-पुण्याकडे कोणी जाणारे आहे का, हे पाहावे लागे. मराठी किंवा इतिहास घेऊन एम्. ए. करणाऱ्या, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या आणि दररोज दोन तास तरी असे वाचन करणाऱ्या विद्यार्थ्याला हे पानाएवढे पान म्हणजे फिरते वाचनालय आहे. त्याने तो घ्यावा. त्याच्याबाबत माझ्या मनात शंका नाही.

लिहिण्याची गोष्ट निराळी. काचेवर बोटे आपटून दोन ओळींचे पत्र लिहिता येते, वीस पानांचा प्रकल्प-अहवाल नव्हे. पडद्यावर कळफलक उघडला की निम्मे पान तोच खातो आणि आपण काय लिहिले ते दिसेनासे होते. बाहेरून जोडावयाचा कळफलक घेतला तर काम सुकर होते. इन्स्क्रिप्ट पद्धत एकदा शिकली की देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्यांत ‘क’ची कळ तीच राहते. दोन भाषांत वावरणाऱ्या आपल्यासारख्यांना हे मोठेच वरदान आहे, आणि तरीही ती शिकणारे इतके थोडे का, हे कोडे आहे. असो.

याच अंकाचे उदाहरण घ्या. टॅबलेटवर लिहिलेला लेख युनिकोडमध्ये असतो. आपल्याकडील अनेक छापखान्यांत मराठीसाठी ‘श्री-लिपी’चे आणि कन्नडसाठी ‘नुडी’चे जुने टंक अजून चालतात. त्यांच्या जुळणीची फाइल टॅबलेटवर उघडली तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. उलट आपला युनिकोड मजकूर त्यांना रूपांतरित करून घ्यावा लागतो, आणि त्यात जोडाक्षरे तुटतात. मुद्रिते तपासणाऱ्या संपादकांना विचारा ! मजकुराची जुळणी, पानांची मांडणी ही कामे संगणकाचीच.

वाणिज्य शाखेच्या मित्रांनी तर या मोहात पडूच नये असे मी स्पष्ट म्हणेन. ज्या टॅलीच्या ज्ञानावर पुढे नोकरी मिळावयाची ते विंडोजवर चालते, टॅबलेटवर नाही. एक्सेल टॅबलेटवर उघडते खरे, परंतु मोठे तक्ते आणि सूत्रे घेऊन काम करताना माऊस व खरा कळफलक नसला की जीव मेटाकुटीस येतो. संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचेही तेच. कार्यालयांनी तीन-चार वर्षे वापरून काढून टाकलेले लॅपटॉप दुरुस्त करून विकले जातात. ते थोड्या अधिक पैशांत मिळतात. दिसायला ओबडधोबड, वजनाने जड, बॅटरीने अशक्त. पण त्यांच्यावर काम होते. चुलतभावाचे म्हणणे येथे शंभर टक्के खरे.

राहिला प्रश्न काचेवर लेखणीने नोट्स लिहिण्याचा. जाहिरातीत हे दृश्य फार मोहक दिसते. टॅबलेटचा पडदा बोटातील सूक्ष्म विद्युत्भारामुळे स्पर्श ओळखतो. म्हणून नखाने किंवा साध्या पेनाने तो हलत नाही. बाजारातील शंभर-दीडशे रुपयांची रबरी टोकाची लेखणी म्हणजे केवळ एक जाडसर बोट. तिने अक्षर काढणे म्हणजे खडूच्या तुकड्याने सही करणे. खरी लेखणी निराळी असते. तिचा दाब व कल यंत्राला समजतो आणि तळहात पडद्यावर टेकला तरी रेघोट्या उठत नाहीत. पण ती प्रत्येक टॅबलेटवर चालत नाही, त्या टॅबलेटमध्ये तशी सोय मुळातच असावी लागते, आणि किंमत चढते. गणिताच्या आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिचा उपयोग आहे. इतरांना दोनशे पानी वही पुरते.

टिकाऊपणाबद्दल दुकानदार सहसा बोलत नाही. टॅबलेटची लिथियम बॅटरी पाचशे ते हजार वेळा पूर्ण भरून रिकामी झाली की तिचा जोम कमी होतो. यंत्र डिंकासारख्या पदार्थाने चिकटविलेले असल्याने ती बदलणे जुन्या रेडिओचे सेल बदलण्याइतके सोपे नाही. शिवाय कंपनी काही वर्षांनी सुरक्षेच्या सुधारणा पाठविणे थांबवते. किती वर्षे पाठविणार, हे घेण्यापूर्वी विचारावे. उत्तर देताना विक्रेता खाली पाहू लागला तर काय समजायचे ते समजावे. स्मृती चार जीबीपेक्षा कमी नसावी. साठवणीसाठी चौसष्ट जीबी लिहिलेले असले तरी त्यातील बराच भाग यंत्र स्वतःच व्यापते, म्हणून वेगळे कार्ड घालण्याची खाच आहे का ते पाहावे. सिमकार्डाचा टॅबलेट महाग पडतो. खिशात फोन असतोच, त्याचेच इंटरनेट टॅबलेटला देता येते. कॅमेऱ्याकडे लक्ष देऊ नये. लग्नात टॅबलेट उंच धरून फोटो काढणारे काका आपण पाहिलेच आहेत.

आणखी एक उपाय सांगतो, जो कोणत्याही जाहिरातीत नसतो. २०२० आणि २०२१ या महामारीच्या वर्षांत घरी बसून शिकण्यासाठी कित्येक कुटुंबांनी टॅबलेट घेतले. कर्नाटक शासनानेही २०२१ मध्ये सरकारी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना ते वाटले. त्यांतले कित्येक आज कपाटात, लग्नपत्रिकांच्या खाली पडून असतील. आपल्या मावशीकडे, आत्याकडे, पदवी घेऊन बाहेर पडलेल्या दादाकडे एकदा विचारावे. जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत, नवी ॲप्सही त्यावर कदाचित चालणार नाहीत. परंतु पीडीएफ उघडण्यासाठी यांपैकी कशाचीच गरज लागत नाही. बॅटरी तासाभरात उतरत असेल तर टेबलाजवळ, वायर लावून वाचावे. महिनाभर असे वाचून पाहिले म्हणजे आपल्याला खरोखर वाचनासाठी हवा आहे, की क्रिकेटचे सामने मोठे दिसावेत म्हणून, हे ज्याचे त्याला कळेल. क्रिकेट पाहणे हा गुन्हा नव्हे. फक्त ते कारण घरी तसे सांगावे.

एवढे करूनही घ्यावयाचे ठरलेच, तर दुकानात जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. पेनड्राइव्हवर किंवा फोनमध्ये तीन फाइली न्याव्यात : विद्यापीठाचा अभ्यासक्रम, एखाद्या जुन्या मराठी पुस्तकाची छबी आणि एक कन्नड प्रश्नपत्रिका. विक्रेता धबधब्याचा आणि रंगीत पोपटांचा व्हिडिओ लावील, कारण त्यात प्रत्येक पडदा सुंदर दिसतो. त्याला थांबवून आपली पाने उघडावयास सांगावी. टॅबलेट उभा धरावा, चष्मा असल्यास तो लावून हातभर अंतरावरून पूर्ण पान न हलवता वाचावे, मग तीसेक पाने भराभर उलटून यंत्र अडखळते का ते पाहावे. ‘द्ध’ आणि ‘द्व’ वेगळे दिसले, ओत्तक्षरे सुटी वाचता आली, तर किमतीचे बोलणे सुरू करावे. नाही तर त्याच रस्त्याने पुढे झेरॉक्सचे दुकान असतेच.